तिन्ही गाठी वेगळ्या

९ जानेवारी

बारक्या,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण पहिलं वाक्य वाचून फाड. तुझ्या मुलीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना जे दाणे आलेत ते मुरूम नाहीत, आणि हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

वाचलंस? आता बाकीचं वाच, नाहीतर घाल चुलीत.

तुझी बायको परवा माझ्या कारखान्यात आली होती. तिच्यावर डोळे वटारू नकोस, बिचारी भीत भीतच आली. तुझ्या स्टुडिओच्या उद्घाटनाला, पाहुण्यांना मी दिसू नये म्हणून, तू मला कोपराला धरून मागच्या दाराने बाहेर काढलंस, त्यानंतर तुमच्या घरातलं माणूस पहिल्यांदा माझा जिना चढलं. तेही नणंदेला भेटायला नाही, गिऱ्हाईक म्हणून. माझ्याकडच्या दोघी खिडकीशी बसून विगच्या जाळीत आकडीने एकेक केस गाठवत होत्या, मी एका नटाची दाढी विंचरत बसले होते, आणि ही दारातच घुटमळली. मग म्हणाली, "ताई, कपाळावर येईल अशी बटांची पट्टी करून मिळेल का? नाकापर्यंत आली तरी चालेल."

नाकापर्यंत! मी म्हटलं, कुणासाठी हवीय गं, घोड्यासाठी? ती हसली नाही. तिने फोन काढला आणि तुमच्या भिंगरीचा फोटो माझ्यापुढे धरला.

भिंगरीचे तुझ्या दुकानाच्या काचेत लावलेले फोटो मी येता-जाता बघते. सोललेल्या अंड्यासारखा चेहरा. तू बसतोस कॉम्प्युटरपुढे आणि एकेक दाणा पुसून काढतोस, लोकांच्या लग्नाच्या फोटोतले डाग पुसतोस तसे. हा फोटो तसा नव्हता. पोरगी झोपलेली असताना आईने काढलेला होता. नाकाच्या कडेने, ओठांच्या वर, कपाळाच्या मध्यभागी, कातडीच्याच रंगाचे टणक दाणे, एकाला एक खेटून. मी बघितलं आणि मला आईच दिसली. तरुणपणची, आपण दोघं तिच्या मांडीवर डोकं ठेवायला भांडायचो तेव्हाची.

पोरगी एकोणीस वर्षांची झाली. सातवी-आठवीत सुरुवात झाली म्हणे. तेव्हापासून तुझा एकच पाठ चालू आहे: तेलकट खाऊ नको, रात्री फोन बघू नको, उशीची खोळ बदल, तोंड धू. ती धुते. भावजय सांगत होती, साबणाने घासून घासून गालाची सालं निघाली आहेत. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, तुझा टॉवेल वापरला तर मलाही होईल का, तेव्हापासून कॉलेजला जात नाही. आणि दर महिन्याला तू तिला औषधाच्या दुकानावरच्या त्या माडीवर नेतोस. तिथला पांढऱ्या कोटातला माणूस सुईने ते दाणे जाळतो. दाणे परत येतात. खड्डे मात्र जात नाहीत.

तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी तुझे केस कापत होते. मानेच्या वर, केसांच्या आत, माझ्या बोटाला वाटाण्याएवढी गाठ लागली. माझी कात्री थांबली. आरशातून तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "आईची शपथ घे, माझ्या डोक्यातलं हे तुझ्या तोंडून बाहेर पडणार नाही." मी घेतली. मी शपथ मोडत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून तर तुला रात्री झोप लागते.

तर बाबा रे, मी नाही सांगणार. तू सांग. पोरीला समोर बसव आणि म्हण, हे तुझ्या आजीला होतं, मला आहे, माझ्याकडून तुला आलं, तू काही केलेलं नाहीस. पाच मिनिटांचं काम आहे. लग्नाच्या फोटोत नवरदेवाची हनुवटी सरळ करायलासुद्धा तुला याहून जास्त वेळ लागतो.

ताई

१ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आपल्या घरात पिळाची कधी कमतरता नव्हती.

माझी खबर ऐक. तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते. डाव्या कानावरची गाठ, जिला मी भाडेकरू म्हणते, भाडं देत नाही आणि जागाही सोडत नाही म्हणून, ती दोन महिन्यांपासून फुगायला लागली होती. दुखायचीही. एके दिवशी विग काढला तर जाळीला रक्त. मी रक्त धुतलं, जाळी वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात गेले.

तिथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, केस पोरासारखे बारीक कापलेले. मनात म्हटलं, हिच्याकडून आपल्याला गिऱ्हाईक मिळायचं नाही. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, दिव्याखाली घेतलं आणि कंगव्याच्या टोकाने केस बाजूला करत सगळं डोकं बघितलं. सगळं, बारक्या. आजवर प्रत्येक डॉक्टरने मी बोट ठेवेन तेवढीच गाठ बघितली, चरबीची आहे म्हणाला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आईचंही तेच झालं. तिच्या डोक्यावर शेवटी शेवटी द्राक्षांचा घोस उपडा घातल्यासारखं दिसायचं, तरी कागदावर कायम एकच गाठ.

बाईंनी तीन ठिकाणचे तुकडे काढून तपासायला पाठवले. परवा निकाल सांगितला. माझ्या डोक्यात एका प्रकारच्या गाठी नाहीत, तीन प्रकारच्या आहेत. काही घामाच्या ग्रंथींपासून झालेल्या, त्यांतही दोन तऱ्हा. काही केसांच्या मुळांपासून. एका गाठीत तर दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले निघाले. मी म्हटलं, बाई, हे डोकं आहे की धर्मशाळा? त्या हसल्या, पण पुढचं बोलताना हसल्या नाहीत. असं एकत्र दिसतं तेव्हा ते घराण्यातून आलेलं असतं. आई किंवा बाप, कुणातरी एकाकडून. प्रत्येक मुलाच्या बाबतीत नाणं उडवायचं, छापा की काटा. बहुतेकांच्या गाठी आयुष्यभर नुसत्या त्रास देतात, जिवावर येत नाहीत. क्वचित एखादी बिघडते. माझा भाडेकरू बिघडला आहे.

ऑपरेशन करून कानावरची बरीच कातडी काढतील आणि मांडीची लावतील. मार्चमधली तारीख दिली आहे. रडगाणं गात नाही, तुला माहीत असावं म्हणून सांगितलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "भावंडं किती?" मी म्हटलं, एक भाऊ. "त्यांना असं काही?" मी म्हटलं, ते त्यालाच विचारायला हवं. "मग घेऊन या त्यांना. त्यांना मुलं असतील तर त्यांनाही आणा. कुणाच्या चेहऱ्यावर दाणे असतील तर ते जाळून जात नाहीत, उलट व्रण राहतात. नीट उपचार केले तर चेहरा बराच साफ ठेवता येतो. आणि मुख्य म्हणजे एखादी गाठ वाढायला लागली तर वेळेत काढता येते. तुम्ही उशिरा आलात."

हे सगळं मी एका दमात लिहिलंय. आता तू सांग, कुठला बाप हे वाचून गप्प बसेल?

ताई

२० फेब्रुवारी

फोटोग्राफरसाहेब,

तुमचं पाकीट मिळालं. उघडताना म्हटलं, पाझर फुटला माझ्या भावाला. आत तीन झेरॉक्स आणि एक पिवळी चिठ्ठी. "बघ. तिन्ही गाठी वेगळ्या. तुझं आणि आईचं ते मला नाही. विषय संपला."

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग कागद बघितले. एक गाठ मानेवरची, काढली त्या वेळी भिंगरी झाली नव्हती. एक कानामागची, ती दुसऱ्या गावात. तिसरी टाळूजवळची, तिसऱ्याच गावात. दर वेळी फोटोचं सामान आणायला म्हणून गेलास, असं भावजयीने मागे मला सांगितलं होतं. तिला वाटायचं, नवरा किती कष्ट करतो. तिन्ही कागदांवर तीन वेगवेगळी लांबलचक नावं, आणि खाली सगळीकडे तेच: साधी गाठ, काळजीचं कारण नाही.

आणि या तीन नावांवर तू इतकी वर्षं निवांत राहिलास. आईच्या गाठीला मिळालेलं नाव तुझ्या पहिल्या कागदावर नाही, म्हणजे तू सुटलास. दुसरी निघाली, तिचं नाव पहिलीसारखं नाही, म्हणजे तर नक्कीच सुटलास. तिसरी निघाली तेव्हा पेढेच वाटले असशील. मलाही क्षणभर तुझं पटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, खरंच, याची भानगड वेगळी असेल.

तरी मी कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. घाबरू नकोस, नाव-गाव होतं तिथून कागद दुमडले होते आणि वर अंगठा ठेवला होता. म्हटलं, हे जरा बघा. बाईंनी तिन्ही शेजारी शेजारी मांडले. विचारलं, "तीन वेगळ्या माणसांचे आहेत?" मी म्हटलं, एकाच माणसाचे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मग यात शंका घ्यायला जागाच नाही. एकाच अंगावर हे वेगवेगळे प्रकार एकत्र येणं, हाच तर हा आजार. तुमच्या डोक्यात निघाले तेच हे तीन." मग विचारलं, "यांनी दुसऱ्या डॉक्टरला पहिल्या गाठीबद्दल सांगितलं नव्हतं का?"

तू प्रत्येक डॉक्टरला एकच गाठ दाखवलीस. तो बिचारा ती बघून खरं तेच लिहून मोकळा झाला. तीन खऱ्या कागदांचं तू एक खोटं बनवलंस आणि वर ते मला पुरावा म्हणून पाठवलंस. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का रे?

आता तरी तुला कळलं. याआधी तू म्हणू शकत होतास की मला वाटलं नाही, मी फसलो. मी ते मान्य केलं असतं, थोडं तरी. आजपासून ती सोय नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल त्या दिवसापासून, पोरीने साबण हातात घेतला की ते तू तिला करायला लावतोयस.

ताई

३ मार्च

बारक्या,

फोन उचलत नाहीस. भावजयीकडून निरोप आला. तू म्हणालास म्हणे, "ताईचं डोकं फिरलंय." फिरलेलं नाही, कापणार आहेत. बावीस तारखेला सकाळी. त्याआधी ये. मला भेटायला नको येऊस, पोरीला घेऊन बाईंकडे ये.

भावजयीला तू सांगून ठेवलंयस की मी लहानपणी भाजले होते म्हणून विग घालते. तिने फोनवर मला विचारलं, "ताई, भाजलेल्या जागी गाठ होते का हो?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुझी खोटी बोलणी सांभाळता सांभाळता माझी जीभ जड झाली आहे.

आणखी एक, बऱ्याच वर्षांचं पोटात आहे. आई गेल्यावर तू तिचा मोठा फोटो करून सगळ्या नातेवाइकांना वाटलास, मलाही एक दिलास. कपाळ एकदम गुळगुळीत. ती आपली आई नव्हती रे. ती कुणीतरी सुंदर, अनोळखी बाई होती. मी तो फोटो कपाटामागे ठेवला आहे. तुला वाटतं मी तुझा हेवा करते, तुला घर, बायको, मूल आहे म्हणून. करते. पण त्या फोटोचा मला संताप येतो. आई जशी होती तशी चारचौघांत दाखवायला तुला लाज वाटली, आणि आता तिच्या नातीला तू तेच शिकवतोयस.

ताई

१५ मार्च

बारक्या,

भिंगरी आली होती. काल दुपारी. तुला हे सांगायचं की नाही यावर मी रात्रभर विचार केला. मग ठरवलं, तुझ्यासारखं नाही वागायचं.

एकटी आली. तोंडाला मास्क, डोक्यावरून ओढणी, वर गॉगल. मला वाटलं, दरोडा घालायला आलं कुणी. ती म्हणाली, "आत्या, मी." ज्या पोरीला आपण एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी म्हणायचो, ती खुर्चीच्या कडेवर अशी बसली की कुणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता यावं. माझ्याकडच्या दोघींना मी जेवायला बाहेर पाठवलं.

बटांची पट्टी हवी होती तिला. तिच्या आईने सांगितलं होतं की आत्या छान करते, केस कुठून लावलेत तेही कळत नाही. मी म्हटलं, माप घ्यावं लागेल, मास्क काढ. तिने काढला. मी लोकांची डोकी आणि तोंडं बघून पोट भरते, किमोथेरपी झालेल्या बायका येतात, भाजलेली माणसं येतात, मी डोळ्याची पापणी हलू देत नाही. काल हलली असेल. ते दाणे बघून नाही. दाण्यांच्या मधली कातडी कच्ची होती, लाल, चिरा पडलेली. साबणाचा वास येत होता तिच्या अंगाला.

माप घ्यायची माझी रीत तुला माहीत आहे. फीत लावायच्या आधी मी दहाही बोटांनी डोकं चाचपते, कुठे उंच, कुठे खोल, त्याशिवाय जाळी बसत नाही. तिच्या उजव्या कानामागे बोट गेलं आणि थांबलं. मी विचारलं, "हे कधीपासून?"

ती एकदम आक्रसली. "आत्या, बाबांना सांगू नको हं. ते म्हणतील, परत काहीतरी खाल्लंस."

काय करू मी तुझं, सांग. लहानपणी चुकलास तर कान पिळता यायचा.

मी तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि माझा विग काढला. लाकडी डोक्यावर नीट बसवला, कारण तो मी तसाच बसवते. मग म्हटलं, बघ. शपथ तुझ्या डोक्याची होती, बारक्या, माझ्या डोक्याची नव्हती. माझं डोकं मी कुणाला दाखवायचं ते मी ठरवीन.

तिने बघितलं. मला वाटलं होतं, मागे सरकेल. ती पुढे आली. विचारलं, "दुखतं?" मी म्हटलं, एक दुखते, बाकीच्या शहाण्या आहेत. तिने बोट लावलं, मग सगळा हातच ठेवला. मी तिला सगळं सांगितलं, आजीचं, माझं, तीन प्रकारांचं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं. हे रक्तातून येतं, उष्ट्यातून नाही, टॉवेलमधून नाही, तेलातून नाही, मळातून तर नाहीच.

तिने हात खाली घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी काहीच केलेलं नव्हतं?"

हा प्रश्न तिने मला विचारला, पण तो होता तुझ्यासाठी, आणि त्याचं उत्तर द्यायचा मान तुझा होता. तू तो घेतला नाहीस. मी म्हटलं, नाही गं बाळा, काहीच नाही. तेव्हा ती रडली. सुटल्यासारखी नाही रडली. रागाने रडली, मुठी आवळून, आणि मधेच म्हणाली, "मी चॉकलेटसुद्धा सोडलं होतं." मला हसूही आलं आणि तुझा इतका संताप आला की समोर असतास तर कात्री फेकून मारली असती.

शेवटी तिने विचारलंच. "आजीला होतं, तुला आहे. मग बाबांना?"

मी चहा ठेवायला उठले. पाठमोरी उभी राहिले. ती परत विचारायला लागली तेव्हा म्हटलं, साखर किती घेतेस. मी माझी शपथ पाळली, तुझ्यासाठी नाही, आईसाठी. पण एवढ्या मोठ्या पोरीपुढे असं पाठ करून उभं राहण्याची वेळ तू माझ्यावर आणलीस.

वीस तारखेला ती माझ्याबरोबर बाईंकडे येणार आहे. तिचं वय झालंय, तुझी सही लागत नाही. मधे पाच दिवस आहेत. त्या पाच दिवसांत घरी, जेवताना, जिन्यात, कुठेही तोंड उघड. तुझ्याकडून कळलं तर ती चिडेल, आदळआपट करेल, आणि तुझीच राहील.

ताई

२१ मार्च

बारक्या,

उद्या सकाळी मला आत घेतील. आज दुपारीच दाखल व्हायचं आहे, पिशवी भरून झाली. हातात थोडा वेळ आहे म्हणून लिहितेय. माफीचं किंवा आशीर्वादाचं पत्र नाही हे. काल काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी.

पाच दिवसांत तू बोलला नाहीस. मी भिंगरीला दारातच विचारलं, घरी काही बोलणं झालं का. ती म्हणाली, "बाबांनी नवा साबण आणलाय."

बाईंनी तिला दिव्याखाली घेतलं, डोकं बघितलं, चेहरा बघितला, कानामागची गाठ दोन बोटांत धरून बघितली. ती गाठ आत्ता साधी आहे, पण काढून टाकू म्हणाल्या, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. चेहऱ्यासाठी लेझर. पूर्ण जाणार नाही, पुन्हा पुन्हा करावं लागेल, हेही स्पष्ट सांगितलं. माडीवरचं जाळणं आजपासून बंद. साबणही बंद. रक्त तपासायला घेतलं. भिंगरीने सगळं नीट ऐकून घेतलं, मधे प्रश्न विचारले. हुशार आहे पोरगी, तिला घरात बसवून ठेवलंस तू.

मग बाई म्हणाल्या, घराण्याचा तक्ता काढू. कोरा कागद घेतला. बाईमाणसासाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, आणि ज्याला आजार आहे त्याचं घर काळं करायचं. वर आजीचा गोल काढला, मी म्हटलं, काळा करा. आपल्या बाबांचा चौकोन रिकामा. खाली माझा गोल, काळा. माझ्या शेजारी तुझा चौकोन. तुझ्यापासून खाली एक रेघ आणि तिथे भिंगरीचा गोल, तोही काळा. आता कागदावर आजी काळी, नात काळी, आणि दोघींच्या मधे तू, कोराच्या कोरा. बाईंनी पेन तुझ्या चौकोनावर धरलं आणि विचारलं, "वडिलांचं काय?"

मी भिंतीकडे बघितलं. बाईंना सगळं कळलेलं होतं. दुमडलेले तीन कागद आणि माझा अंगठा त्या विसरलेल्या नव्हत्या. पण त्या पेन तसंच धरून बसल्या.

भिंगरीने विचारलं, "हे एखादं घर सोडून खाली येतं का?"

बाई म्हणाल्या, "नाही. दिसो न दिसो, मधल्या माणसात ते असतंच. त्याशिवाय खाली येत नाही."

"आणि माझ्या आईकडून?"

"आईला किंवा तिच्या माहेरी कुणाला आहे?"

"नाही."

पोरीने हात पुढे केला. बाईंनी पेन दिलं. भिंगरीने तुझा चौकोन काळा केला. घाई केली नाही. चारही कोपरे भरले, कड जरासुद्धा ओलांडली नाही. तुझ्याकडूनच शिकली असेल, असा चोख हात. मग पेन परत दिलं आणि म्हणाली, "पुढचं सांगा."

माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आई वरून बघत असेल तर ती साक्षीला आहे.

बाहेर आलो. जिन्याने खाली उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली. मास्क लावलेला नव्हता, ओढणी गळ्यात होती. माणसं आमच्या अंगावरून जात होती, एका बाईने वळून बघितलं. भिंगरीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "आत्या, बाबांना माहीत होतं?"

तुला आहे का, हे तिने विचारलंच नाही. तिला तेच एक जाणून घ्यायचं होतं.

तू मला तुझ्या डोक्यातल्या गाठींची शपथ घातली होतीस, बारक्या. तुला काय काय माहीत होतं आणि ते ठाऊक असून तू काय काय केलंस, याची शपथ तू कधी घातली नव्हतीस. मी तेव्हा घेतलीही नसती.

मी हो म्हटलं.

ती कठड्याला धरून उभी राहिली. पर्समध्ये तिचा फोन वाजायला लागला. तिने काढून बघितला, तुझं नाव होतं. कापला नाही, उचलला नाही. हातात धरून वाजू दिला, थांबेपर्यंत. मग परत वाजला.

ताई